डाव्या पिळाची चुंबळ

मनकर्णाबाईच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, ते शैलाताईंच्या टीपॉयवर पडलेल्या पेपरातला फोटो बघून. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचं मुरलेलं होतं, आणि त्याचं नाव होतं सारजाबाई.

सारजाबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. राहायला बिडकीनच्या पुढं, कोटगव्हाणला. पेपरात तिचा जुना काळापांढरा फोटो छापला होता. डोक्यावर पदर, पुढ्यात चुंबळीवर ठेवलेलं मोठं मातीचं मडकं, मडक्याला दोन्ही हातांनी धरलेलं, आणि चेहरा असा गंभीर की जणू हिनंच ते घडवून भाजून काढलंय. वर मथळा होता: कोटगव्हाणच्या तीन हजार वर्षं जुन्या मातीच्या तटाभोवती ऐतिहासिक उद्यान झालं, लोकांना खुलं झालं. फोटोखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘उत्खननात मिळालेला कुंभ, तो शोधणाऱ्या सारजाबाईंसह.’

शोधणाऱ्या म्हणे! मनकर्णाबाईनं चहाचा कप खाली ठेवला.

पुंडलिकनगरच्या भजनी मंडळाची त्या दुपारी सहलीची बैठक होती. मंडळाच्या अध्यक्ष शैलाताई. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळं यादी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दरवर्षी सहल कुठल्या ना कुठल्या देवाला जायची. यंदा शैलाताईंनी पेपर उचलला आणि जाहीर केलं, ‘‘देव काय, पुढच्या वर्षीही तिथंच असतील. यंदा आपण हे मातीचं उद्यान बघू. जवळ आहे, नवीन आहे, आणि जरा डोक्यात काही तरी पडेल आपल्या.’’

‘‘ते मडकं मी काढलंय,’’ मनकर्णाबाई म्हणाली.

ती असं काही बोलणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बायकांनी माना वळवल्या. मग एकीनं, लहान पोरीनं चंद्र पाहिला म्हटल्यावर बोलावं तशा सुरात, ‘‘अगंबाई, खरंच?’’ केलं. दुसरीनं सरळ विचारलं, ‘‘मग फोटो त्यांचा कसा?’’

तिथंच तर सगळं अडलं होतं. त्या प्रश्नाला द्यायला मनकर्णाबाईकडं एकच उत्तर होतं, आणि ते फोटोतच होतं. तिनं बोट ठेवलं, पण पेपरची छपाई इतकी पुसट की बोटाखाली नुसता काळा डाग दिसला.

‘‘तितं उद्यानात मोठा फोटो लावलाय म्हणं. तितं दाखवते समद्यांना,’’ ती म्हणाली. ‘‘चला तुमी.’’

‘‘मग तुम्हीच घेऊन चला आम्हाला,’’ शैलाताई खुशीत म्हणाल्या आणि यादीच्या वर लिहिलं, संयोजक मनकर्णाबाई.

आता ही भानगड काय ते सांगायला हवं.

बहात्तर सालच्या दुष्काळात कोटगव्हाणची नदी म्हणजे नुसती वाळू होती. सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. बांधाला माती हवी, म्हणून मुकादमानं माणसं लावली ती गावाबाहेरच्या पांढरीवर. पांढरी म्हणजे जुन्या, मोडून गेलेल्या गावाचं टेकाड. तिथली माती राखेसारखी भुसभुशीत, खणायला हलकी. आठ दिवस खणलं आणि कुदळीखाली एक लांबच लांब मातीचा तट लागला, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुजलेला खंदक. पुराच्या पाण्यापासून गाव राखायला कुणी तरी तीन हजार वर्षांमागं तो घातलेला. म्हणजे दुष्काळातली माणसं पाण्यासाठी बांध घालायला निघाली आणि माती आणत होती ती जुन्या माणसांचा बांध फोडून. मग पुण्याकडून उत्खननवाले साहेब आले. त्यांनी काम थांबवलं आणि त्याच माणसांना चौकोनी खड्ड्यांत बसवून हळूहळू खणायला शिकवलं.

मनकर्णा तेव्हा बावीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झालेली, पाचवा महिना चालू. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन दिवसभर खणायची. आणि खणण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे खुद्द साहेबच म्हणायचे. कुदळीच्या आवाजावरून खाली काय आहे ते तिला कळायचं. बाकीच्या बायकांनी टोपलीभर माती काढावी तेव्हा हिला मातीतला रंगाचा फरक दिसायचा.

खड्ड्यावरची एक रीत होती. ज्या बाईला काही सापडेल तिनं त्यावर आपली चुंबळ ठेवायची. चुंबळ म्हणजे टोपलीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची पिळलेली कडी. चुंबळ पडली की त्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साहेब येणार, फोटो निघणार, आणि मग वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची. त्या चिठ्ठीवर जिला सापडली तिचं नाव. जन्मात कधी कुठल्या कागदावर नाव आलं नव्हतं अशा बायका होत्या त्या. चिठ्ठीसाठी जीव टाकायच्या.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी मनकर्णेला पांढऱ्या मातीत एक काळसर गोल दिसला. कुंचल्यानं झाडलं तर मडक्याचा काठ. चांगला मोठा, अख्खा. तिनं आपली चुंबळ काढून काठावर ठेवली, वर ओलं पोतं टाकलं आणि उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवून घरी गेली. रात्रभर तिला आपलं नाव दोऱ्याला लटकताना दिसत होतं.

सकाळी खड्ड्यावर आली तर सारजा आधीच खाली उतरलेली. तिनं वर बघून मुकादमाला हाक मारली, ‘‘हिला लई वकाऱ्या व्हायला लागल्यात. हिला खापऱ्या धुयाला बसवा लिंबाखाली.’’ मनकर्णेला ना वांती ना मळमळ. पण थोरल्या जावेपुढं तोंड उघडायची तेव्हा सोय नव्हती. ती लिंबाखाली बसून दिवसभर खापऱ्या धूत राहिली. दुपारी खड्ड्याकडून गलका ऐकू आला, मग सगळं एकदम चिडीचूप. संध्याकाळी कळलं की मडकं निघालं, त्यात जळकं धान्य होतं, सारजाचा फोटो निघाला आणि चिठ्ठीवर सारजाचं नाव लागलं.

मनकर्णेच्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊ म्हणून आल्या दिवसापासून सारजा हिच्या डोळ्यांत सलायचीच. सासूला तिच्याच हातचं पिठलं लागायचं. दीर अप्पाराव बायकोला विचारल्याशिवाय बैल सोडायचा नाही. सारजाची दोन लेकरं गेली होती, एक अकरा दिवसांचं, एक तर रडलंच नव्हतं; पण तिनं त्याचा कधी कुणापुढं सूर काढला नाही, आणि गावानं त्याचंही कौतुकच केलं. मनकर्णेकडं स्वतःचं असं एकच काही होतं, तिची ती खणायची नजर. तेवढंही हिनं उचलून नेलं.

पुढं मोतीराम जन्मला, मोठा झाला, वाळूजच्या कंपनीत लागला, शहरात पुंडलिकनगरात घर झालं. मनकर्णाबाई जावेशी कामापुरतं बोलायची. लग्नकार्यात ती पंगतीच्या या टोकाला तर ही त्या टोकाला. सारजाबाई प्रत्येक वेळी एकच विचारायची, ‘‘मोती कसा हाय?’’ आणि मनकर्णाबाई प्रत्येक वेळी ‘‘बरा हाय’’ एवढंच म्हणून पाठ फिरवायची. शहरात आल्यापासून मोतीरामला तिनं कोटगव्हाणला कधी धड राहू दिलं नाही.

आता सहल. तारीख ठरवायला तीन बैठका लागल्या. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं. शहर चहूकडून वाढत चाललेलं आणि नळ मात्र सहाव्या दिवशी. तोही प्रत्येक गल्लीचा वेगळा. पाण्याच्या दिवशी घर सोडून जाणारी बाई पुंडलिकनगरात जन्मायची होती. तिसऱ्या गल्लीला सोमवार तर पाचव्या गल्लीला बुधवार, सातवीचं पाणी कधी येईल ते सातवीला देखील ठाऊक नसायचं. शैलाताईंनी कोर्टातल्या तारखांसारखा तक्ता केला आणि एक शनिवार असा काढला की त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस जणींचे नळ कोरडे होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बस ठरली फारूखभाईंची. गुलमंडीच्या बाजारात त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान, यांची सत्तावीस सीटांची छोटी बस. मनकर्णाबाईनं अट घातली, ‘‘आधी एक डाव जाऊन बघून यायचं. रस्ता कसा हाय, सावली हाय का, बायकांची सोय हाय का.’’ खरं कारण तिच्या पोटात होतं. फोटो अगोदर स्वतः बघायचा होता. बाकीच्या पंचवीस बायकांपुढं बोट ठेवायचं आणि बोटाखाली पुन्हा डागच निघायचा, हे तिला परवडणारं नव्हतं.

कारण त्या फोटोत सारजानं मडकं ठेवलं होतं ते मनकर्णेच्या चुंबळीवर. मनकर्णाबाई डावखुरी. सगळ्या बायका कापडाला उजवीकडं पीळ द्यायच्या, हिची चुंबळ डावीकडं पिळलेली. अख्ख्या कोटगव्हाणात तशी चुंबळ दुसरी नव्हती. पेपरात पुसट होती, पण पीळ कुठल्या अंगाचा ते हिनं चष्मा न लावता ओळखलं होतं. चोरी करायची आणि वर चोरीचा माल फोटोत मांडायचा, या निर्लज्जपणाचं तिला नवल वाटत होतं. आणि आतून, खरं सांगायचं तर, आनंदही होत होता. सेहेचाळीस वर्षांनी चोर सापडली होती.

बिडकीनपर्यंतचा रस्ता तिला ओळखू आला नाही. चार पदरी सिमेंट, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या प्रचंड शेड, मध्येच रिकामे प्लॉट आणि त्यांत पाटी घेऊन उभे असलेले लोखंडी खांब.

‘‘बाई, ये सब खेती था,’’ फारूखभाई म्हणाले. ‘‘मी स्वतः इथं ऊस खाल्लेला हाय, चोरून. आता खायला काय, नटबोल्ट?’’

मनकर्णाबाई हसली नाही. ती मनातल्या मनात भांडत होती, आणि जिंकत होती.

उद्यान ठीकठाक होतं. दारात तिकीट खिडकी, आत लाल फरशीची वाट, जागोजागी ‘तटावर चढू नये’ च्या पाट्या. खंदकात पाणी सोडून होडी ठेवायचं ठरलं होतं म्हणे, पण प्यायलाच पाणी नव्हतं. होडी कोरड्या खंदकात कलती पडली होती. हिरवळ वाळून चुरचुरीत झालेली. तट मात्र होता तसाच, लांब, बुटका, ऊन खात पडलेला. फारूखभाई पार्किंग बघायला गेले. मनकर्णाबाई त्या लिंबाकडं न बघता सरळ छपराखाली लावलेल्या फोटोपाशी गेली.

पुरुषभर उंचीचा फोटो होता. मडक्याखाली चुंबळ. पीळ डावीकडं. एकेक पदर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. मनकर्णाबाईनं त्यावर बोट ठेवून बघितलं, तिथं शनिवारी ठेवणार तसंच. मग पुरावा पुरा व्हावा म्हणून बाजूचा फळा वाचायला घेतला. शहरात आल्यावर ती रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं जोडायला शिकली होती. सावकाश जोडत गेली.

‘या कुंभात साधारण सहा महिन्यांच्या बालकाचा सांगाडा मिळाला. त्या काळी मृत बालकांना कुंभात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत असत.’

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जळकं धान्य कुठंच नव्हतं.

‘‘वाचलंस व्हय?’’ मागून आवाज आला.

सारजाबाई. काठी टेकत उभी. उद्यानवाल्यांनी तिला दाराशी खुर्ची दिलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना जुन्या गोष्टी सांगायची, शाळेची पोरं तिच्याबरोबर फोटो काढायची. मनकर्णाबाईनं हे सगळं येतानाच बघितलं होतं आणि मुद्दाम दुसऱ्या वाटेनं आत शिरली होती.

‘‘अक्का, मडक्यात काय हुतं?’’

‘‘फळ्यावर लिवलंय की.’’

‘‘फळा वाचला मी. तू सांग.’’

सारजाबाई कट्ट्यावर बसली. काठी आडवी ठेवली. ‘‘लेकरू हुतं. गुडघं पोटाशी घेतलेलं. त्या सकाळी आदी मी पोतं उचललं, बोटानं माती सरकवली, तर डोस्कं. खोबऱ्याच्या वाटीयेवढं. मी दोन पुरलेली. मला का वळखायला येळ लागतोय?’’

मनकर्णाबाई उभीच होती.

‘‘तू पोटुशी. असलं नजरंला पडू नाय, कानावर येऊ नाय. आन् हे तर तुझ्या हातानं निघालेलं. साहेबानं त्याला तुझ्या नावाची चिठ्ठी बांधली असती. मेलेल्या लेकराच्या मडक्याला पोटुशीचं नाव? मी म्हनलं, माझं लिवा. समद्या खड्ड्याला शपथ घातली, हिला धान म्हनून सांगा. अजून कुनी मोडली नाय बग. निम्मी तर मरून गेली.’’

‘‘मंग मोती झाल्यावर का नाय सांगितलंस?’’

‘‘तू कुटं बोलत हुतीस माझ्यासंगं?’’

वाऱ्यानं तटावरची माती थोडी उडाली. मनकर्णाबाईनं फोटोकडं बोट केलं. ‘‘आन् ही चुंबळ?’’

‘‘तुजीच हाय. माजी डोक्यावर हुती, पन म्हनलं ऱ्हाऊ दे. कापडाला काय बाधत नाय, नावाला बाधतं. उद्या कुनी इचारलं तर वळखू यावं कुनी काढलंय ते.’’ सारजाबाईनं काठी उचलून मांडीवर घेतली. ‘‘सेचाळीस वर्सं झाली, कुनी इचारलं नाय. आलेल्या परत्येकाला मी मडकंच दावते. चुंबळ कुनी बगतच नाय.’’

आणि नेहमीसारखंच तिनं विचारलं, ‘‘मोती कसा हाय?’’

या वेळी मनकर्णाबाईला ‘बरा हाय’ म्हणता आलं नाही. सारजाबाईला त्यानंतर मूल झालंच नव्हतं. सारजानं ज्या दिवशी मनकर्णेच्या जागी आपलं नाव त्या मडक्याला लावून घेतलं त्या दिवसाचा आणि मूल न होण्याचा गावानं काय संबंध लावला असेल, हे मनकर्णाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच गावची होती.

परतीच्या वाटेवर फारूखभाई पार्किंगबद्दल, सावलीबद्दल बरंच काही सांगत होते. तिच्या कानात काही शिरत नव्हतं. तिचा जीव जळत होता, आणि पहिल्यापेक्षा जास्त. चोर म्हणून सारजाचा हेवा करणं सोपं होतं. आता काय करायचं? खणायची नजर हिची, मडकं हिचं, जगलेलं लेकरू हिचं, आणि या सगळ्यावर मोठी ठरली ती सारजाच. रडायची सोय नव्हती आणि भांडायला बांधून आणलेली सगळी वाक्यं तशीच परत चालली होती.

शुक्रवारी शेवटची बैठक झाली. फारूखभाईंची बस, सकाळी सातला, डबे आपापले, पाण्याच्या दोन बाटल्या. शैलाताईंनी यादीवरून मान वर केली. ‘‘काय मनकर्णाबाई, सापडला पुरावा? मडकं कुणाचं?’’

बाकीच्या पंचवीसच्या पंचवीस जणी बघत होत्या. फोटो तिथं होता. चुंबळ तिथं होती. नुसतं बोट ठेवायचं होतं.

‘‘माझ्या जावंचं,’’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘‘मी तवा लिंबाखाली खापऱ्या धूत हुते.’’

एक-दोघींनी एकमेकींकडं बघून ओठ दाबले. ते तिनं बघितलं. झोंबायचं तेवढं झोंबलं.

‘‘एक सीट रिकामी ऱ्हाती ना?’’ तिनं विचारलं.

‘‘हो, सत्तावीस आहेत. का?’’

‘‘मोतीरामचं नाव लिवा.’’

‘‘मोतीराम?’’ शैलाताईंनी पेन थांबवलं. ‘‘बायकांच्या सहलीत त्याचं काय काम?’’

काम होतं. मोतीरामला सगळं सांगायचं होतं, तेही त्या फोटोसमोर उभं करून. आणि तो एकदा ऐकेल, मग काय होईल ते तिला आत्ताच दिसत होतं. तो सारजाबाईच्या पायाशी बसेल. दिवाळीला आधी कोटगव्हाणला जाईल. ‘मोठी आई’ म्हणेल, आणि तसं म्हणताना त्याचा आवाज कसा होईल तेसुद्धा तिला ऐकू येत होतं. तिच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.

‘‘लिवा तुमी,’’ ती म्हणाली. ‘‘आन् त्याला दाराजवळची सीट द्या. बस थांबली की आदी त्यालाच उतरू द्या.’’